बर्फ पडल्यावर पक्ष्यांना दाणे घालावेत का? जीव वाचवणारा फीडर जीवघेणा कधी ठरतो?

डिसेंबर उजाडला की ब्रिटन, अमेरिका, कॅनडातून एकाच प्रकारचे फोटो आणि रील्स फिरू लागतात. बाहेर पांढराशुभ्र बर्फ, अंगणात टांगलेला दाण्यांचा फीडर आणि त्यावर पिसं फुगवून बसलेला एखादा चिमुकला पक्षी. त्या देशांत राहणारी अनेक मराठी कुटुंबंही आता बाल्कनीत किंवा परसात असा फीडर लावतात.

पण खाली कमेंट्समध्ये वाद ठरलेला असतो. कुणी म्हणतं, "दाणे घाला, नाहीतर बिचारे मरतील." कुणी म्हणतं, "घालू नका, त्यांना सवय लागेल." कुणी ब्रेड टाकतं, कुणी काल रात्रीचा फोडणीचा भात.

मग खरं काय? कडाक्याच्या थंडीत रानपक्ष्यांना माणसाच्या मदतीची गरज असते का? आणि मदत करायची तर ती कशी? समजून घेऊया.

१९६३ चा हिवाळा : पक्ष्यांसाठी काळ

थंडी पक्ष्यांचं किती नुकसान करू शकते, याचं सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये सापडतं.

२६ डिसेंबर १९६२ ला तिथे बर्फ पडायला सुरुवात झाली. त्यानंतरची गोठवणारी थंडी मार्च १९६३ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत हटली नाही. नद्या गोठल्या, केंटच्या किनाऱ्यालगत समुद्राचं पाणीही गोठलं. इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा तो सर्वांत थंड हिवाळा होता.

सर्वांत मोठा फटका बसला तो 'रेन' या पक्ष्याला. जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा, म्हणजे दोन छोटे चमचे साखरेइतका हा तपकिरी पक्षी. पालापाचोळ्यातले किडे आणि कोळी हे त्याचं अन्न, आणि ते सगळं बर्फाखाली गाडलं गेलं. त्या एका हिवाळ्यात ब्रिटनमधल्या रेन पक्ष्यांची संख्या जवळपास ८० टक्क्यांनी घटली, असा अंदाज आहे.

खंड्याचीही तीच गत झाली. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा निळा-नारिंगी छोटा खंड्या ब्रिटनमध्येही राहतो. पाण्यावर बर्फाचा थर जमला की खालचे मासे त्याला मिळत नाहीत.

रेनची पुढची कहाणी मात्र दिलासा देणारी आहे. नंतरचे हिवाळे सौम्य गेले आणि काही वर्षांतच हा पक्षी सावरला. आज तो ब्रिटनमधला सर्वाधिक संख्येने वीण करणारा पक्षी आहे. त्याच्या सुमारे १ कोटी १० लाख जोड्या तिथे आहेत.

पक्षी थंडीने मरतात की भुकेने?

पक्ष्यांना पिसांची रजई जन्मजात मिळालेली असते. पिसं फुगवली की मध्ये हवा अडकते आणि शरीराची ऊब बाहेर जात नाही. म्हणून थंडीत पक्षी गोल गरगरीत दिसतात. ते लठ्ठ झालेले नसतात, त्यांनी स्वेटर घातलेला असतो.

बदकं बर्फावर अनवाणी उभी राहतात, त्यामागेही एक युक्ती आहे. पायात जाणारं गरम रक्त आणि पायातून परत येणारं थंड रक्त अगदी शेजारच्या वाहिन्यांतून वाहतं. जाणारं रक्त आपली उष्णता येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे पाय थंड राहतात, पण शरीर गरम राहतं.

त्यामुळे खरी अडचण इंधनाची असते. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. बाहेर शून्याखाली तापमान असताना ते टिकवायचं तर शरीरातली भट्टी सतत धगधगती ठेवावी लागते. आकार जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने उष्णता अधिक वेगाने निघून जाते.

त्यात दिवस छोटा. २१ डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो आणि रात्र सोळा तासांहून मोठी असते. ब्लू टिटसारखा अकरा ग्रॅमचा पक्षी दिवसभर खाऊन जी चरबी साठवतो, ती रात्रभरात जाळून टाकतो. एका थंड रात्रीत त्याचं वजन ५ ते १० टक्क्यांनी घटू शकतं. सकाळी पुन्हा शून्यातून सुरुवात.

मग जास्त चरबी साठवून का ठेवत नाहीत? कारण जड पक्ष्याला झटकन उडता येत नाही आणि आपल्या शिक्र्याचा भाऊबंद असलेला स्पॅरोहॉक टपूनच बसलेला असतो. उपाशी मरायचं नाही आणि शिकारही व्हायचं नाही, अशी ही रोजची कसरत असते.

म्हणजे थंडी हे कारण असलं, तरी जीव जातो तो बहुतेक वेळा भुकेमुळे. माणूस मदत करू शकतो, ती इथेच.

पक्ष्यांच्या स्वतःच्या युक्त्या

उत्तर अमेरिकेतला ब्लॅक-कॅप्ड चिकॅडी हा पक्षी रात्री शरीराचं तापमान १० ते १२ अंशांनी खाली आणतो आणि ऊर्जा वाचवतो. शरद ऋतूत तो शेकडो ठिकाणी बिया लपवून ठेवतो आणि त्या जागा लक्षातही ठेवतो.

एरवी एकेकटा राहणारा रेन कडाक्याच्या रात्री भांडणं विसरून इतरांना चिकटून झोपतो. १९६९ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात एकाच लाकडी घरट्यात तब्बल ६१ रेन एकत्र झोपलेले आढळले होते.

दाणे घातल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेम्पल या शास्त्रज्ञांनी चिकॅडी पक्ष्यांचा अभ्यास केला. काही जंगलांत फीडर लावले, काही ठिकाणी लावले नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फीडर असलेल्या भागातले ६९ टक्के पक्षी हिवाळा पार करून जगले. फीडर नसलेल्या भागात हेच प्रमाण होतं ३७ टक्के. हा फरक मुख्यतः सर्वांत कडक थंडीच्या काळात पडला होता. सौम्य थंडीत पक्षी आपलं आपण भागवत होते.

मग सवय लागत नाही का?

याच दोघांनी पुढे हा प्रश्नही तपासला. जिथे २५ वर्षं फीडर होते, तिथले फीडर काढून टाकले. तिथले पक्षी, फीडर कधीच न पाहिलेल्या पक्ष्यांइतक्याच प्रमाणात जगले. फीडर समोर असतानाही चिकॅडी आपल्या रोजच्या गरजेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच ऊर्जा त्यातून घेत होते. बाकीचं अन्न ते रानातूनच शोधत होते.

म्हणजे सुट्टीसाठी दोन आठवडे गावी गेलात म्हणून अंगणातले पक्षी मरतील, असं सहसा होत नाही. पण ऐन हिमवादळात नेहमीचा फीडर अचानक रिकामा ठेवू नका. पक्ष्याने तिथवर उडत येण्यात खर्च केलेली ऊर्जा त्या दिवशी त्याला परवडणारी नसते.

काय घालावं?

थंडीत सर्वांत उपयोगी असतं ते स्निग्ध, भरपूर ऊर्जा देणारं अन्न.

• सूर्यफुलाच्या बिया. सोललेल्या असतील तर आणखी चांगलं, कारण टरफल फोडण्यात पक्ष्याची शक्ती जात नाही.

• बिनमिठाचे, न भाजलेले शेंगदाणे. ते जाळीच्या फीडरमध्ये ठेवा, म्हणजे पक्षी तुकडा तुकडा तोडून खातो. पक्ष्यांसाठी म्हणून विकले जाणारे, तपासलेले दाणेच घ्या. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं.

• चरबीचे गोळे. हे दुकानात मिळतात. पण त्यांच्याभोवती प्लास्टिकची जाळी असेल तर ती काढून टाका. त्यात पक्ष्यांचे पाय आणि जीभ अडकते.

• सफरचंद, नासपती. कस्तुराच्या कुळातल्या ब्लॅकबर्डसारख्या पक्ष्यांना जमिनीवर ठेवलेली मऊ फळं आवडतात.

• मीठ न घातलेला शिजलेला भात. हो, साधा पांढरा भात थंडीत अनेक पक्षी खातात. फोडणीचा मात्र नको.

• मीलवर्म नावाच्या अळ्या. रॉबिन आणि रेनसारख्या किडे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी.

एकदम ढीग ओतू नका. एका दिवसात संपेल इतकंच घाला. पहाटे एकदा आणि दुपार कलताना एकदा, या दोन वेळा सर्वांत महत्त्वाच्या. एक रात्रीची भूक भागवण्यासाठी, दुसरी पुढच्या रात्रीच्या तयारीसाठी.

कारळ्याचं परदेशी नातं

ब्रिटन-अमेरिकेतल्या दुकानात 'नायजर सीड' नावाच्या बारीक काळ्या बियांचे महागडे पुडे मिळतात. त्यासाठी बारीक छिद्रांचे खास फीडर असतात. हे दुसरं-तिसरं काही नसून आपले कारळे आहेत. तेच, ज्यांची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते.

कारळ्यात तेल भरपूर असतं आणि बी बारीक असते. त्यामुळे गोल्डफिंच या लाल चेहऱ्याच्या, पिवळ्या पट्ट्याच्या पक्ष्याला ते फार आवडतात. भारतातून कारळ्यांची निर्यात होते. अमेरिकेत शिरण्यापूर्वी ते उष्णता देऊन निर्जीव करावे लागतात, कारण त्यात मिसळलेल्या अमरवेलीसारख्या तणांच्या बिया तिथे रुजण्याची भीती असते.

ब्रिटनमधल्या एका दीर्घ पाहणीनुसार १९७२ मध्ये फक्त ८ टक्के बागांतल्या फीडरवर गोल्डफिंच दिसायचा. २०१२ मध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांवर गेलं. कारळे आणि सूर्यफुलाचे दाणे बाजारात आल्याचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

काय अजिबात घालू नये?

• खारवलेलं काहीही. खारे दाणे, चिप्स, फरसाण, शेव. लहान पक्ष्यांच्या शरीराला जास्तीचं मीठ बाहेर टाकता येत नाही.

• दूध. पक्ष्यांना ते पचत नाही.

• भाजणीच्या ट्रेमध्ये उरलेली तेलकट चरबी. ती पिसांना चिकटते. चिकट पिसं ऊब धरत नाहीत.

• खोबऱ्याचा सुका कीस. तो पोटात जाऊन फुगतो.

• कच्ची डाळ आणि कोरडे तांदूळ. हे फक्त मोठे पक्षी खाऊ शकतात. लहानग्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

• बुरशी लागलेलं कोणतंही अन्न.

आणि ब्रेड? तो विष नाही. पण पोट भरतं आणि ऊर्जा फारशी मिळत नाही. ज्या दिवशी प्रत्येक घास मोलाचा असतो, त्या दिवशी ब्रेडने भरलेलं पोट महागात पडू शकतं.

घरात कुत्रा असेल तर बेदाणे आणि मनुका जमिनीवर टाकू नका. ते पक्ष्यांना चालतात, पण कुत्र्यांना विषारी ठरतात.

पाणी विसरू नका

सगळीकडे बर्फ असला, तरी प्यायला पाणी नसतं. बर्फ खाऊन तहान भागवायची तर तो वितळवण्यात शरीराची ऊब खर्च होते. पक्ष्यांना आंघोळही हवी असते, कारण स्वच्छ पिसंच नीट फुगतात.

एक उथळ भांडं पुरेसं आहे. पाण्यात टेबल टेनिसचा चेंडू सोडून ठेवा. वाऱ्याने तो हलत राहतो आणि हलक्या थंडीत पाणी लगेच गोठत नाही. गोठलंच तर सकाळी बर्फ काढून साधं पाणी भरा. मीठ, ग्लिसरीन किंवा गाडीत घालतात ते अँटिफ्रीझ पाण्यात कधीही टाकू नका. अँटिफ्रीझ जीवघेणं असतं.

ग्रीनफिंचचं काय झालं?

इथवर वाचून वाटेल की फीडर लावला की पुण्य पदरात पडलं. पण ग्रीनफिंच या हिरवट पिवळ्या पक्ष्याची गोष्ट वेगळं सांगते.

ग्रीनफिंच हा ब्रिटनमधल्या बागांतला हमखास दिसणारा पक्षी होता. २००५ मध्ये तिथल्या फिंच कुळातल्या पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिस हा आजार पहिल्यांदा आढळला. हा आजार एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. कबुतरं आणि पारव्यांत तो आधीपासून होता. त्यात घशाला सूज येते, अन्न गिळता येत नाही. पक्षी खायला येतो, चोचीत दाणा घेतो आणि लाळेसकट खाली टाकतो. तोच दाणा दुसरा पक्षी उचलतो.

गर्दीच्या फीडरवर आणि पाण्याच्या भांड्यात हा आजार झपाट्याने पसरला. काही वर्षांतच ब्रिटनमधल्या ग्रीनफिंचची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. घसरण थांबली नाही. २०२१ मध्ये हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या 'रेड लिस्ट'मध्ये गेला.

अमेरिकेतही असं घडलं आहे. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात हाउस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजवणारा जिवाणूजन्य आजार दिसला आणि पुढे तो देशभर पसरला. २०२१ मध्ये फीडरवर येणाऱ्या पक्ष्यांकडून माणसांनाही साल्मोनेलाची लागण झाल्याचं तिथे आढळलं.

रानात पक्षी विखरून खातात. फीडरवर ते रोज एकाच जागी, एकाच ताटात जेवतात. त्यामुळे एक आजारी पक्षी अनेकांना आजारी करू शकतो. याच कारणाने 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स' या ब्रिटनमधल्या मोठ्या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला सपाट ताटलीसारख्या फीडरची विक्री थांबवली. सपाट पृष्ठभागावर लाळ आणि विष्ठा अन्नात मिसळते.

फीडर स्वच्छ कसा ठेवायचा?

१. आठवड्यातून किमान एकदा फीडर आणि पाण्याचं भांडं घासून, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरा.

२. त्यासाठी वेगळा ब्रश आणि हातमोजे ठेवा. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. नंतर साबणाने हात धुवा.

३. पाणी रोज बदला.

४. फीडरची जागा अधूनमधून बदला. खाली पडलेले दाणे आणि विष्ठा झाडून काढा.

५. पिसं फुगवून सुस्त बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा, चोच ओली किंवा चिकट असलेला पक्षी दिसला तर फीडर आणि पाण्याचं भांडं लगेच काढून घ्या. निदान दोन आठवडे लावू नका. पक्षी विखुरले की साखळी तुटते.

हे सगळं करायला वेळ नसेल तर फीडर न लावलेलाच बरा.

फीडर कुठे टांगायचा?

खिडकीच्या काचेवर आदळून असंख्य पक्षी मरतात. म्हणून फीडर काचेच्या अगदी जवळ, एक मीटरच्या आत, किंवा चांगला लांब ठेवा. जवळून उडालेल्या पक्ष्याला जोरात आदळण्याइतका वेग मिळत नाही. जवळपास झुडूप असावं, म्हणजे शिकारी आला की लपता येतं. पण मांजराला दबा धरून बसता येईल इतकं जवळही नको.

दाण्यांशिवाय काय करता येईल?

सर्वांत सोपी आणि बिनधोक मदत म्हणजे बाग थोडी अस्ताव्यस्त ठेवणं. सुकलेली सूर्यफुलं कापू नका, त्यांत बिया असतात. पालापाचोळा एका कोपऱ्यात राहू द्या, त्यात किडे तग धरतात. बेरीची झुडपं आणि आयव्हीचे वेल हिवाळा संपेपर्यंत छाटू नका. तिथे अन्नही असतं आणि निवाराही. घरटी-पेट्या शरद ऋतूतच टांगल्या तर थंडीत झोपायला उपयोगी पडतात.

शिवाय इथे गर्दी होत नाही, म्हणून आजारही पसरत नाही.

सगळ्याच पक्ष्यांचा फायदा होतो का?

नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासानुसार तिथली जवळपास निम्मी घरं पक्ष्यांना खायला घालतात. १९७० च्या दशकात फीडरवर मुख्यतः चिमण्या आणि स्टार्लिंग दिसायचे, आता तिथे कितीतरी जाती दिसतात आणि बागांत येणाऱ्या अनेक जातींची संख्या वाढली आहे.

पण जे पक्षी बागेत येतच नाहीत, त्यांचं काय? विलो टिट हा लाजरा पक्षी ब्रिटनमध्ये १९७० पासून ९० टक्क्यांहून अधिक घटला आहे. त्यामागे अधिवास नष्ट होण्यासारखी कारणं आहेत. पण फीडरवर पोसले गेलेले दांडगे ब्लू टिट त्याची घरटी बळकावतात का, हा प्रश्नही काही शास्त्रज्ञ विचारत आहेत.

ब्लॅककॅप या पक्ष्याने तर स्थलांतराची वाटच बदलली. मध्य युरोपातले काही ब्लॅककॅप हिवाळ्यात स्पेनकडे जाण्याऐवजी ब्रिटनमध्ये येऊ लागले आहेत. सौम्य होत चाललेले हिवाळे आणि बागांतले दाणे, ही त्यामागची कारणं मानली जातात.

गारठलेला पक्षी सापडला तर?

त्याच्या चोचीत पाणी किंवा अन्न कोंबू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हवा जाईल अशी छिद्रं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून त्याला अलगद ठेवा. खोकं शांत, अंधाऱ्या आणि उबदार जागी ठेवा, पण हीटरला टेकवून नको. काचेवर आदळलेला पक्षी बऱ्याचदा तास-दोन तासांत सावरतो. नाही सावरला तर स्थानिक वन्यजीव बचाव केंद्राला कळवा.

महाराष्ट्रात हे नियम लागू होतात का?

आपल्याकडचा हिवाळा पक्ष्यांचा जीव घेणारा नसतो. उलट उत्तरेतल्या थंडीतून सुटका करून घ्यायला पट्टकादंब हंसांपासून कुरवांपर्यंत कितीतरी पक्षी महाराष्ट्रात येतात. इथे त्यांना अन्न मिळतं, म्हणूनच ते येतात. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांना शेव-गाठ्या घालण्याची काही गरज नसते. रील छान दिसतो, पण मीठ, मसाला आणि तळणीचं तेल हे त्यांचं अन्न नाही.

आपल्याकडे पक्ष्यांचा कठीण काळ असतो एप्रिल-मेचा. तेव्हा सावलीत ठेवलेलं पाण्याचं उथळ मातीचं भांडं खरंच उपयोगी पडतं. नियम मात्र तोच, जो बर्फातल्या फीडरला लागू आहे : पाणी रोज बदला आणि भांडं घासून ठेवा.